मिश्रधातूने वेग दिला, उष्णतेने वाट अडवली: ग्रेनोबलच्या मॅग्नेशियम हायड्राइड टाकीचं प्रकरण

मॅग्नेशियम हायड्राइड म्हणजे मॅग्नेशियम आणि हायड्रोजन यांचं घन संयुग, हायड्रोजन साठवण्याचा एक मार्ग. त्यावरचे बहुतेक प्रयोग अर्ध्या ग्रॅमच्या नमुन्यावर संपतात. भुकटीत चार-पाच टक्के मिश्रधातू घातला, ३०० अंशांवर हायड्रोजन दोन-तीन मिनिटांत आत गेला, आलेख देखणा आला, काम झालं. तीच भुकटी १० किलो भरून टाकी उभी केली, तर मिनिटांचे तास होतात. फ्रान्समधल्या ग्रेनोबल शहरात नेएल संस्थेत पात्रिसिया द रांगो, साल्वातोरे मिराल्या, फिलिप मार्ती आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भुकटीपासून टाकीपर्यंतची ही वाट टप्प्याटप्प्याने चालून दाखवली. २००८ मध्ये स्थापन झालेल्या मॅकफाय एनर्जी या कंपनीची सुरुवातही याच तंत्रावर झाली. उत्प्रेरक म्हणून घातलेला मिश्रधातू नेमकं काय करतो आणि काय करू शकत नाही, हे या कामातून जितकं स्वच्छ दिसतं तितकं क्वचितच कुठे दिसतं.

दोन वेगळ्या गाठी

मॅग्नेशियम हायड्राइडच्या वजनात ७.६ टक्के हायड्रोजन असतो. एका घनमीटरात सुमारे ११० किलो. द्रवरूप हायड्रोजनच्या एका घनमीटरात ७१ किलोच मावतो. धातू मुबलक आहे, विषारी नाही, आणि थंड हायड्राइडवर दाब जवळजवळ शून्य. खोलीच्या तापमानाला समतोल दाब (ज्या दाबाला हायड्रोजन आत जाणं आणि बाहेर येणं बरोबरीत असतं) बारच्या, म्हणजे साधारण हवेच्या दाबाच्या, दहालाखाव्या भागाइतका येतो, त्यामुळे टाकी फुटण्याची भीती बाळगायला नको.

पहिली गाठ उष्णतेची. हायड्रोजनचा एक मोल बाहेर काढायला सुमारे ७५ किलोज्यूल द्यावे लागतात. भरताना तेवढेच बाहेर पडतात. या आकड्यावरूनच ठरतं की १ बार दाबाने हायड्रोजन हवा असेल तर हायड्राइड साधारण २८० अंश सेल्सिअसला ठेवावं लागेल, २ बारला ३०३ अंश, ५ बारला ३४० आणि १० बारला ३७० अंश. हे चार आकडे लक्षात ठेवावेत, पुढे त्यांच्यावरच सगळं उभं आहे.

दुसरी गाठ वेगाची. मॅग्नेशियमचा पृष्ठभाग हायड्रोजनचा रेणू सहजी तोडत नाही. त्यावर ऑक्साइडची साय असते. शिवाय कणावर हायड्राइडची कातडी एकदा धरली की तिच्यातून हायड्रोजनचा अणू फार सावकाश सरकतो, आणि कणाचा गाभा कोरा राहतो. म्हणून प्रक्रिया न केलेली भुकटी ३०० अंशांवर तासन्‌तास ढिम्म असते, ३५० ते ४०० अंशांपर्यंत न्यावी लागते. हायड्रोजन सोडण्याची सक्रियण ऊर्जा, म्हणजे वाटेत चढावा लागणारा ऊर्जेचा घाट, अशा भुकटीत सुमारे १६० किलोज्यूल प्रति मोल असते. चांगला उत्प्रेरक ती ६० ते १०० पर्यंत खाली आणतो.

घाटात बोगदा काढला की प्रवास झटपट होतो, पण देश आणि कोकण यांच्या उंचीतला फरक बोगद्याने इंचभरही कमी होत नाही. उत्प्रेरक हा बोगदा आहे. ७५ किलोज्यूलचा आकडा त्याने हलत नाही. थोडा उत्प्रेरक घालून हा आकडाच खाली आणल्याचा दावा कुठे दिसला, तर आधी नमुन्यातल्या थर्मोकपलची (तापमान मोजणाऱ्या तारेची) जागा पाहावी, आणि समतोल खरोखर आला होता का ते विचारावं.

टायटॅनियम, व्हॅनेडियम, क्रोमियम का?

निकेल हा पहिला उमेदवार. १९६८ मध्ये अमेरिकेतल्या ब्रुकहेवन प्रयोगशाळेत रायली आणि विस्वॉल यांनी मॅग्नेशियम-निकेल संयुगाचं हायड्राइड मांडलं. हायड्रोजन पटकन येतो-जातो, पण क्षमता ३.६ टक्क्यांवर उतरते. भुकटीत निकेल थोडंसंच घातलं तरी तापमान चढल्यावर ते मॅग्नेशियमशी संयुग करतं. १ ग्रॅम निकेल ०.८३ ग्रॅम मॅग्नेशियम स्वतःकडे ओढतं.

१९९९ मध्ये कॅनडातल्या लियांग, ह्युओ, शुल्झ आणि सहकाऱ्यांनी टायटॅनियम, व्हॅनेडियम, मँगनीज, लोह आणि निकेल हे पाच धातू एकाच मापाने हायड्राइडबरोबर दळून शेजारी-शेजारी ठेवले. घेण्याच्या वेगात टायटॅनियम पुढे, सोडण्याच्या वेगात व्हॅनेडियम. मग दोन्ही एकाच मिश्रधातूत का घेऊ नयेत, हा विचार ओघानेच आला. ग्रेनोबलच्या भुकटीत टायटॅनियम-व्हॅनेडियम-क्रोमियमचा मिश्रधातू आहे.

ही निवड शहाणपणाची आहे, आणि कारणं तिन्ही व्यवहारातली. एक, हे तिन्ही धातू मॅग्नेशियममध्ये विरघळत नाहीत, त्याच्याशी संयुगही करत नाहीत. भरण्या-सोडण्याच्या शंभराव्या फेरीलाही उत्प्रेरक उत्प्रेरकच राहतो, मॅग्नेशियम खात नाही. दोन, या मिश्रधातूची घनमध्यकेंद्री जाळी (घनाच्या कोपऱ्यांवर आणि मध्यावर अणू असलेली रचना) स्वतः हायड्रोजन पिते. रेणू त्याच्या पृष्ठभागावर तुटतो, अणू आतून वाहत शेजारच्या मॅग्नेशियमच्या सीमेवर पोचतात आणि हायड्राइडचा अंकुर तिथे धरतो. सोडताना हीच वाट उलटी. तीन, दळण्याची सोय. शुद्ध व्हॅनेडियम लवचीक आहे, दळणाऱ्या मिलमध्ये पोलादी गोळ्यांवर चोपडलं जातं. मिश्रधातूला आधी हायड्रोजन पाजला की तो ठिसूळ होऊन आपोआप चुरा होतो.

(वाराणसीला बनारस हिंदू विद्यापीठात प्रा. ओ. एन. श्रीवास्तव यांच्या गटाने ॲल्युमिनियम-तांबं-लोह या क्वासिक्रिस्टल (अणू सुव्यवस्थित, पण नेहमीच्या स्फटिकासारखी पुनरावृत्ती नसलेल्या) मिश्रधातूचा उत्प्रेरक म्हणून अभ्यास केला. त्यात महाग धातू नाही, म्हणून आपल्याकडे तो मार्ग लक्षात ठेवण्याजोगा आहे.)

भुकटी बनवताना

सुरुवात मॅग्नेशियमपासून करू नये, मॅग्नेशियम हायड्राइडपासून करावी. धातू मऊ असतो, मिलमध्ये पत्रे होऊन भांड्याला चिकटतो. हायड्राइड ठिसूळ, म्हणून फुटतं. बाजारात मिळणारं हायड्राइडही पूर्ण शुद्ध नसतं, त्यात थोडं मॅग्नेशियम उरलेलं असतं. क्ष-किरण आलेखात त्याची रेघ पाहूनच हिशेब मांडावा.

मिश्रधातू आर्गॉनमध्ये विद्युतचापावर वितळवावा, तयार झालेलं बटण (धातूची चपटी गोळी) चार-पाच वेळा उलटून पुन्हा वितळवावं, नाहीतर व्हॅनेडियमचे खडे आत तसेच राहतात. क्रोमियमची वाफ उडते, म्हणून वितळवण्याआधी आणि नंतर वजन करून तूट नोंदवावी. मग हायड्रोजन देऊन चुरा करावा आणि ५० मायक्रॉनच्या चाळणीतून काढावा.

प्रयोगशाळेतल्या ग्रहीय मिलसाठी (भांडं स्वतःभोवती आणि मोठ्या चकतीवरही फिरतं) चालणारं माप असं: २५० मिलिलिटरचं पोलादी भांडं, १० मिलिमीटरचे ५० पोलादी गोळे, प्रत्येकी सुमारे ४ ग्रॅम म्हणजे २०० ग्रॅम, आणि १० ग्रॅम भुकटी. त्यात ९.५ ग्रॅम हायड्राइड, अर्धा ग्रॅम मिश्रधातू. मिनिटाला ३५० फेरे, १५ मिनिटं चालू, १५ मिनिटं बंद, असं निव्वळ १० तास. विश्रांती टाळली तर भांडं तापतं आणि दळून बारीक झालेले स्फटिक पुन्हा वाढू लागतात. दर दोन तासांनी ग्लोव्हबॉक्समध्ये (हातमोजे बसवलेल्या, आर्गॉन भरलेल्या बंद पेटीत) झाकण उघडून तळाच्या कोपऱ्यात बसलेली खरड पातळ पात्याने सोडवावी. ती तशीच राहिली तर वरची भुकटी दळली जाते आणि खालची कच्ची राहते. सरासरी आकडा मग कशाचाच नसतो.

झाकण काढताना त्याच्या कडेला, रबरी कड्याच्या बाहेरच्या अंगाला पांढुरकी पूड दिसली तर भांडं हवा घेत होतं असं समजावं. चांगली दळलेली भुकटी गडद करडी, जवळजवळ काळी असते. पांढरं म्हणजे ऑक्साइड किंवा हायड्रॉक्साइड. ते पुसून पुढे जाण्यात अर्थ नाही, ती खेप बाद. मुंबई-कोकणात पावसाळ्यात ही गोष्ट दुप्पट सांभाळावी लागते. भांडं ग्लोव्हबॉक्समधून मिलपर्यंत नेतानाही झाकणावर क्लँप हवाच.

ग्लोव्हबॉक्समध्ये ऑक्सिजन आणि बाष्प १ पीपीएमच्या (दहा लाखांत एक भाग) खाली असावं. दळलेली भुकटी हवेत आपोआप पेट घेऊ शकते. पेटली तर पाणी नाही, कार्बन डायऑक्साइडचं नळकांडंही नाही. दोन्हींनी आग वाढते. धातूंच्या आगीसाठीची पावडर किंवा कोरडं मीठ हाताशी ठेवावं.

दहा तासांनंतर स्फटिक १० ते २० नॅनोमीटरवर येतात. पहिल्या काही फेऱ्यांत ३०० अंशांवर ते पुन्हा मोठे होतात, आणि दळण्यातून तयार झालेलं हायड्राइडचं गॅमा रूप (वेगळी स्फटिकरचना) नाहीसं होतं. याने घाबरून जायचं कारण नाही. वेग टिकतो, कारण तो स्फटिकांच्या बारीकपणापेक्षा जागोजागी विखुरलेल्या उत्प्रेरकावर जास्त अवलंबून आहे. उत्प्रेरकच नीट विखुरला नसेल, तर मात्र पाच-दहा फेऱ्यांत वेग घसरलेला दिसतो.

क्षमतेचा प्रामाणिक हिशेब इथेच करून ठेवावा. ७.६ मधून ५ टक्के मिश्रधातू गेला की ७.२. पुढे उष्णता वाहण्यासाठी ५ टक्के ग्रॅफाइट येणार आहे, म्हणजे ६.९. काही टक्के ऑक्साइड आणि न भरणारा गाभा धरला की हातात ६ ते ६.५ उरतात. उत्प्रेरक १० टक्के घातला तर वेग क्वचितच दुप्पट होतो, क्षमता मात्र हमखास कमी होते.

टाकीत काय झालं

आता १० किलो हायड्राइड धरू. त्यात ३८० मोल हायड्रोजन, म्हणजे पाऊण किलोच्या थोडा वर. भरताना बाहेर पडणारी उष्णता २८.५ मेगाज्यूल. अर्ध्या तासात टाकी भरायची तर सुमारे १६ किलोवॅट उष्णता सतत बाहेर काढावी लागेल. उत्प्रेरक पाच मिनिटांत भरायला तयार आहे, पण तेव्हा हा आकडा ९५ किलोवॅटवर जातो.

सुट्या भुकटीची उष्णतावाहकता मीटर-केल्विनला १ वॅटहूनही कमी असते. १० बारने हायड्रोजन टाकीत भरू लागलं की भुकटी काही मिनिटांत ३७० अंशांना पोचते आणि थबकते. त्या तापमानाला समतोल दाबच १० बार आहे, मग पुढे ढकलणारं बळ उरत नाही. भिंतीलगतची भुकटी थंड होत भरत जाते, मधली वाट पाहत बसते. ५ सेंटिमीटर जाडीचा थर, एका बाजूला ३०० अंशांची भिंत, वाहकता ०.५ आणि घनता घनमीटरला ६०० किलो धरून गणित केलं तर पूर्ण भरायला सुमारे १५ तास लागतात. या गणितात उत्प्रेरकाचा वेग कुठेच येत नाही. तो दसपट चांगला असता तरी उत्तर १५ तासच.

टाकीत थर्मोकपल तीन तरी हवेत: भिंतीजवळ, मध्यावर आणि दोहोंच्या मध्ये. मधला ३७० वर सपाट रेघ धरून बसला आणि भिंतीजवळचा खाली उतरला, तर अडचण उष्णतेची आहे. तिन्ही एकत्र खाली येत असूनही हायड्रोजन जात नसेल, तर उत्प्रेरकाने किंवा अशुद्ध वायूने दगा दिलाय. हे निदान आधी करावं. भुकटी बदलण्यात महिने जातात, आणि दोष बहुधा भुकटीत नसतो.

ग्रॅफाइटची चकती

ग्रेनोबलच्या गटाने यावर काढलेला उपाय साधा आणि मला सगळ्यात जास्त आवडणारा आहे. दळलेल्या भुकटीत प्रसरित नैसर्गिक ग्रॅफाइट मिसळायचं आणि दाबून चकत्या करायच्या. हे ग्रॅफाइट अळ्यांसारखं लांब, पिसासारखं हलकं असतं. दाबाखाली त्याचे पापुद्रे चकतीच्या पातळीत आडवे पडतात, म्हणून उष्णता मध्यापासून कडेकडे झरझर जाते. उभ्या दिशेला तितकी जात नाही. वाहकता मीटर-केल्विनला काही वॅटपर्यंत चढते.

दोन चुका इथे हमखास होतात. पहिली, ग्रॅफाइट मिलमध्येच टाकणं. गोळ्यांखाली पापुद्र्यांचा चुरा होतो आणि लांब वाट तुटते. ग्रॅफाइट दळण संपल्यावर, गोळे काढून, हलक्या हाताने मिसळायचं असतं. दुसरी, चकती नळीत घट्ट बसवणं. मॅग्नेशियमचं हायड्राइड होताना आकारमान सुमारे ३० टक्के वाढतं. चकती हायड्राइडचीच दाबलेली असल्याने पहिल्या फेरीत ही वाढ आतल्या पोकळ्यांत सामावते, पण पुढच्या फेऱ्यांत चकती हळूहळू फुगत जाते. सुरुवातीला जागा ठेवली नाही तर ती भिंतीवर ताण देते. जास्त जागा ठेवली तर चकती आणि भिंत यांच्यातली वायूची फटच उष्णतेला अडवते.

वरचंच गणित चकतीसाठी केलं, घनता १२००, वाहकता ५, तर १५ तासांचे ३ तास होतात, आणि तेवढ्याच जागेत हायड्रोजन दुप्पट. थराची जाडी निम्मी केली की वेळ चौथ्या हिश्श्यावर येतो. जाडी कमी करण्याइतका स्वस्त उपाय दुसरा नाही. आणखी एक फायदा: दाबलेली चकती सुट्या भुकटीसारखी भडकत नाही, त्यामुळे टाकी भरण्याचं काम माणसाच्या आवाक्यात येतं.

भांडं स्टेनलेस स्टीलचं असावं. साधं कार्बन पोलाद ३७० अंशांवर हायड्रोजनखाली आतून कमजोर होतं. उष्णता वाहून नेणाऱ्या तांब्याच्या पट्ट्या हायड्राइडला थेट टेकवू नयेत, मॅग्नेशियम आणि तांबं या तापमानाला संयुग करू लागतात.

उष्णता साठवून परत वापरणं

बाहेर काढलेली उष्णता फेकून दिली तर सोडताना तेवढीच पुन्हा आणावी लागते. ती हायड्रोजन जाळून आणली, तर हायड्रोजनमधल्या ऊर्जेचा ३१ टक्के भाग टाकीच खाते. हायड्रोजनपासून वीज करणारा, ७०० अंशांवर चालणारा घन-ऑक्साइड इंधनघट जोडला तर त्याची उष्णता फुकट मिळते. ८० अंशांवर चालणाऱ्या झिल्लीच्या इंधनघटाचा इथे काही उपयोग नाही.

ग्रेनोबलच्या गटाने २०१३ मध्ये मांडलेल्या टाकीत हायड्राइडभोवती मॅग्नेशियम-जस्ताचा, थोडं ॲल्युमिनियम असलेला, मिश्रधातू आहे. मॅग्नेशियम-जस्ताचं हे मिश्रण ३४० अंशांच्या आसपास वितळतं. आता सुरुवातीचे चार आकडे आठवा. १० बारने भरताना हायड्राइड ३७० वर असतं, ३४० ला वितळणाऱ्या धातूला उष्णता देतं आणि तो वितळतो. २ बारने सोडताना हायड्राइड ३०३ वर उतरतं, ३४० वरचा वितळलेला धातू त्याला उष्णता परत देत गोठतो. दोन्ही बाजूंना तीस-पस्तीस अंशांचा उतार. बाहेरून ना हीटर, ना तेलाचा पंप. एकाच प्रकरणात मिश्रधातू दोन अगदी वेगळी कामं करतोय: एक हायड्रोजनला वाट देतो, दुसरा उष्णता सांभाळतो.

किंमत वजनात मोजावी लागते. या मिश्रणाचा वितळण्याचा अप्रकट उष्मा किलोला साधारण १६० किलोज्यूल धरला, तर २८.५ मेगाज्यूलसाठी १८० किलो धातू लागतो. १० किलो हायड्राइडला १८० किलो! हायड्राइडपुरते ७.६ टक्के असलेली टाकी भांडं न धरताच ०.४ टक्क्यांवर येते. गाडीत ही टाकी जाणार नाही. जमिनीवर बसवलेल्या, रोज भरून रोज रिकाम्या होणाऱ्या साठ्यासाठी मात्र तिचा विचार व्हायला हवा. रोजच का, तर उष्णता गळते. आवरणातून फक्त १०० वॅट गेले तरी २४ तासांत ८.६ मेगाज्यूल, म्हणजे साठवलेल्याच्या तीस टक्के.

वितळलेलं मॅग्नेशियम स्टेनलेसमधलं निकेल ओढून घेतं, ही गोष्ट भिंत निवडताना ध्यानात हवी. गोठताना-वितळताना धातूचं आकारमान बदलतं, म्हणून वर मोकळी जागा सोडावी लागते.

वायूची शुद्धता

विद्युत अपघटनातून थेट आलेल्या हायड्रोजनमध्ये बाष्प असतं. समजा आकारमानाने १०० पीपीएम. एका भरण्याला सुमारे ८५०० लिटर वायू म्हणजे ०.६८ ग्रॅम पाणी, आणि ते ०.९ ग्रॅम मॅग्नेशियमचं कायमचं ऑक्साइड करतं. एका फेरीला काहीच नाही. हजार फेऱ्यांना ०.९ किलो, म्हणजे टाकीतल्या मॅग्नेशियमचा दहावा हिस्सा. त्याआधीच उत्प्रेरकाचे पृष्ठभाग झाकले जाऊन वेग घसरतो. म्हणून टाकीच्या आधी वाळवणारा स्तंभ आणि ऑक्सिजन काढणारा उत्प्रेरक-डबा लागतोच, आणि स्तंभ कधी बदलला याची नोंद टाकीवरच लावावी.

टाकी बंद करताना एक गोष्ट हटकून विसरली जाते. अर्धवट रिकामी टाकी थंड होऊ लागली की उरलेलं मॅग्नेशियम भोवतालचा हायड्रोजन पीत राहतं, आणि आतला दाब हवेच्या दाबाखाली जातो. व्हॉल्व्हची गादी जरा खराब असली की बाहेरची हवा आत ओढली जाते, आणि पुढच्या भरण्याला वेग का मंदावला ते कोणालाच कळत नाही. शक्य असेल तर टाकी पूर्ण भरून, वर दोन-तीन बार दाब ठेवूनच थंड करावी. आर्गॉनने दाब राखायचा असेल तर पुढच्या भरण्याआधी तो पंपाने पूर्ण काढावा. तो राहिला तर आत जाणारा हायड्रोजन त्याला चकत्यांच्या आतल्या टोकाशी ढकलत नेतो, आणि तिथलं मॅग्नेशियम हायड्रोजनवाचून राहतं.